टाकीवरचे नर

असं समजा, की तुमच्या चिमटीत एक मेलेली माशी आहे. नुकतीच मेलेली, अजून मऊ. घरात भिरभिरते त्या माशीपेक्षा चांगली मोठी, राखाडी. डोळे विटकरी लाल. पाठीवर तीन काळे पट्टे, पट्टीने आखल्यासारखे. पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. माशी जरा तिरकी केली की काळ्याचा पांढरा होतो आणि पांढऱ्याचा काळा. दिसलं सगळं? आता हिचं नाव सांगा.

'मांसमाशी' म्हणालात, तर तुम्ही फोनवर फोटो काढून शोधलंत. पण ते नाव नव्हे, ते कुळ झालं. पोस्टमनने नाव विचारावं आणि तुम्ही 'माणूस' म्हणून सांगावं, तसलं. या कुळात ढिगाने जाती, आणि सगळ्यांना तेच तीन पट्टे, तोच पट. तेव्हा रंगरूप विसरा. एक बारीक सुई घ्या, टोक वाकवून आकडा करा. माशी नर असेल तर तो आकडा पोटाच्या मागच्या टोकात अलगद घाला आणि आत घडी घालून ठेवलेलं जननांग बाहेर ओढा. मायक्रोस्कोपखाली ते किल्लीच्या दात्यांसारखं दिसतं, आणि प्रत्येक जातीच्या नराचे दाते वेगळे. नाव तिथे लिहिलेलं असतं. हात थरथरला तर ते तुटतं. माशी वाळल्यावर सुचलं तरी तुटतं. आणि माशी मादी असेल तर? ठेवून द्या. मादी बघून जातीचं नाव सांगणारा एकतर जगातल्या मोजक्या तज्ज्ञांपैकी असतो, नाहीतर थापाड्या. थापाडे जास्त भेटतात.

संघप्रिया गमरे हिने या थापाड्यांसाठी एक नजर राखून ठेवली होती. भुवई हलायची नाही, ओठ हलायचे नाहीत. ती फक्त बघायची, नमुन्याकडे बघावं तशी. कामोठ्यात दोन खोल्यांत वाढलेली मुलगी, कीटकशास्त्रात एम.एस्सी., आणि आता रबाळ्याला 'निरामय पेस्ट कंट्रोल' नावाच्या कंपनीत टेक्निकल ऑफिसर. हुद्दा मोठा, टेबल लहान. औषधाचे ड्रम आणि पोरांचे गमबूट यांच्या मधल्या फटीत तिचा मायक्रोस्कोप. कंपनीचा मालक मितेश. त्याला किडे चारच ठाऊक: झुरळ, वाळवी, ढेकूण, डास. बाकीची सगळी सृष्टी तो कोटेशनवर 'मिक्स इन्सेक्ट' अशी लिहायचा आणि त्याचा वेगळा रेट लावायचा.

माशांचं वेड तिला आजीपासून लागलं. बायजाबाई मंडणगडाकडची. गावात कुणाचंही ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम गावाने यांच्या वाडीच्या गळ्यात घातलेलं. बायजाबाईच्या लहानपणीच वाडीने ते काम टाकलं, सगळ्यांनी मिळून, एका दिवसात. पण ती सांगायची, "माशा ढोरावर यायच्या गो. नि गाव म्हणायचा, यांच्या वाडीत माशा. ढोरां ओढायची टाकली, तरी माशा आमच्याच नावावर."

"कुठल्या माशा, आजी?" शाळकरी संघप्रियाने विचारलं होतं.

"कुठल्या म्हंजे? माशा त्या माशा."

न ओळखण्याबद्दल संघप्रियाने आयुष्यात माफ केलं ते एवढ्या एका बाईला. त्यानंतर कुणाला नाही. कॉलेजातल्या सरांना नाही, जे प्रॅक्टिकलला माशी दाखवून 'कॉमन स्पीशीज' म्हणायचे. ट्रेनिंगला आलेल्या त्या पाहुण्यालाही नाही, ज्याने स्लाइडवर मादीचा फोटो टाकून खाली लॅटिन नाव लिहिलं होतं. तिने हात वर करून विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "अनुभवावरून." तिने ती नजर लावली. पुढचं अख्खं सेशन तो उजव्या बाजूला बघून बोलला.

अशी ही बाई फेब्रुवारीत ऑर्किड क्रेस्टमध्ये पोचली.

ऑर्किड क्रेस्ट हा कोपरखैरण्यातला टॉवर, बोनकोडे गावाच्या भिंतीला भिंत लावून उभा. ऑर्किडं गेटवर होती, प्लास्टिकची. भिंतीच्या पलीकडे गोजराबाईचं एकमजली घर. गच्चीवर ती बोंबील, वाकट्या, सुकट सुकवायची आणि पाटी घेऊन बाजारात बसायची. पूर्वी सुकवायला गावाबाहेर मोकळी जागा होती. तिथे आता ऑर्किड क्रेस्टच्या गाड्या लागतात. उरली ती गच्ची. गच्ची गेली की गोजराबाईचा धंदा गेला, इतका साधा हिशोब होता, आणि तो सोसायटीलाही ठाऊक होता.

सेक्रेटरी शौनक, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, तिला क्लबहाउसमध्ये घेऊन बसला.

"नाव काय तुमचं?"

"संघप्रिया."

"नाही, पूर्ण नाव?"

"संघप्रिया सिताराम गमरे."

"अच्छा," शौनक म्हणाला.

हा 'अच्छा' तिच्या ओळखीचा होता. पट्टे बघून नाव सांगणाऱ्यांचा अच्छा.

"आम्ही अँटी-फिश वगैरे नाही हं," तो पुढे म्हणाला. "मी स्वतः खातो. गोव्याला गेलो की. पण इथे किचनमध्ये एवढाल्या माशा येतात. तीनदा कम्प्लेंट केली. वॉर्ड ऑफिसवाले म्हणतात, माशा त्या बाईच्याच आहेत कशावरून? आता मला सांगा, माशीवर काय स्टॅम्प असतो?"

"असतो," संघप्रिया म्हणाली.

मितेश सोबत आला होता, तो खूश झाला. "बघा! आमच्या मॅडम एकदम डीपमध्ये जातात. टेन्शन घेऊ नका, सायंटिफिक रिपोर्ट देतो. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट पण करून टाकू."

खरं सांगायचं तर तिला या माणसांची किळस आली आणि त्याच वेळी उकळ्याही फुटत होत्या. कुठली माशी, असं कुणीतरी तिला पहिल्यांदाच विचारत होतं. गोजराबाईचं काय होईल, हा तिच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. ती नाव सांगणार होती. नावाचं पुढे काय करायचं ते नाव न कळणाऱ्यांनी बघावं.

घरोघरी फिरून तिने माशा धरल्या. पहिली शौनकच्याच ओट्यावर, मिक्सरवर बसलेली. ती मादी निघाली. पुढच्याही सगळ्या माद्या. त्यात नवल नव्हतं. ही माशी अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच टाकते, आणि त्या कुठे टाकाव्यात याचा वास काढत मादी घरात शिरते. नराचं स्वयंपाकघरात काही काम नसतं.

"मादी झाली म्हणून काय झालं?" एका फ्लॅटमधल्या वैदेही नावाच्या बाईंनी विचारलं. "माशीच ना?"

"तुम्ही आणि तुमच्या सासूबाई, दोघी बायकाच ना?" संघप्रिया म्हणाली. वैदेहीबाईंनी दार लावून घेतलं.

नर हवे असतील तर कुठे जायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. मांसमाशीचे नर आसपासच्या सगळ्यात उंच, उन्हातल्या जागी जाऊन बसतात आणि मादीची वाट बघतात. नाक्यावर पोरं बसतात तसे. काम काही नाही, पण जागा सोडायची नाही. सकाळी ती लिफ्टने गच्चीवर गेली, शिडीने टाकीपाशी चढली. टाकीच्या पांढऱ्या कठड्यावर नरच नर. एक उडाला की दुसरा त्याच्या अंगावर जायचा आणि दोघं आपापल्या जागी परत. तिने जाळीचे दोन-चार फटकारे मारले आणि बाटली भरून घेतली.

मग भिंतीपलीकडे, गोजराबाईच्या गच्चीवर. बोंबील दोरीवर, सुकट जुन्या मच्छरदाणीखाली. म्हातारी बुटक्या स्टुलावर बसून राखण करत होती.

"ये बाय, तूच ना ती? टाकीवर जाली घेऊन नाचत व्हतीस. मना वाटला, डोस्का फिरला हिचा."

"माशा पकडत होते, मावशी."

"पकड, पकड. माज्याकडं नाय गावनार. मी झाकून ठेवतय."

मच्छरदाणीवर एक मादी बसली होती. संघप्रिया म्हणाली, "झाकून काय उपयोग? ती वरूनच अळी टाकते, भोकातून."

"तुना बरा ठाव सगला," गोजराबाई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. संघप्रियाने तिच्याकडेही तीच नजर टाकली. कोपऱ्यातल्या टीव्ही अँटेनाच्या जुन्या पाइपावर थोडे नर होते, ते धरले आणि निघाली.

रबाळ्याला बसून तिने एकेक नर उघडला. हात एकदाही थरथरला नाही. टाकीवरचे आणि पाइपावरचे, किल्लीचे दाते तेच. सार्कोफॅगा डक्स. तिने रिपोर्ट लिहिला: सोसायटीतील आणि शेजारील गच्चीवरील माश्या एकाच जातीच्या आहेत, त्यामुळे उगम शेजारील गच्चीवर असल्याचे दिसते. खाली सही केली. मितेशने वाचून फक्त फॉन्ट मोठा करायला सांगितला.

सोसायटीच्या ग्रुपवर शौनकने रिपोर्ट टाकला, 'अखेर विज्ञान बोललं' असं वर लिहून. खाली टाळ्यांची रांग. वॉर्ड ऑफिसचा माणूस गोजराबाईकडे जाऊन सांगून आला: महिनाअखेर गच्ची रिकामी करा, नाहीतर आम्ही माल उचलू.

त्या रविवारी संघप्रिया कामोठ्याला स्वतःच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होती. सिताराम गमरे, तिचे वडील, सरकारी ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"प्रिया, तुझे पाहुणे बघ," ते म्हणाले आणि पेपरानेच टाकीकडे दाखवलं.

टाकीच्या कठड्यावर राखाडी माशा, आपापल्या जागी. एक उडाली, दुसरी अंगावर गेली, दोन्ही परत. ती जाळी आणायला खाली गेली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकडा घालून बघितलं. डक्स.

"काय निघाली?" वडिलांनी विचारलं.

"तीच. कोपरखैरण्याची."

"एवढ्या लांबून येते?"

"नाही हो बाबा, एवढ्या लांबून कशाला येईल! ही इथलीच..."

इथे कुणी बोंबील सुकवत नव्हतं. तिने ज्या हिशोबाने गोजराबाईची गच्ची धरली, त्याच हिशोबाने कामोठ्याच्या माशाही गोजराबाईच्याच ठरत होत्या. उंच जागी नर जमतात. चारी बाजूंनी येऊन जमतात, जिथे जन्मले तिथे बसून राहत नाहीत. हे तिला पहिल्या दिवशी ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती टाकीवर चढली होती. नाव सांगायला नर लागतो, म्हणून नर जिथे मिळतात तिथे गेली, आणि जिथे मिळाले तिथलेच ते, असं समजून बसली. ही चूक शौनकला जमली नसती, मितेशला तर नाहीच नाही. त्यासाठी नराची खोड माहीत असायला लागते. शिकलेल्या माणसाचीच चूक होती ती, आणि 'त्यामुळे' हा शब्द तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता.

ती नजर तिने बाथरूमच्या आरशात एकदा लावून बघितली. फार वेळ सोसवली नाही.

माशी कुठे जन्मली हे माशीला विचारून कळत नाही. जन्मते तिथून अळ्या उचलायच्या, वाढवायच्या आणि काय निघतं ते बघायचं. दुसऱ्या दिवशी ती गोजराबाईच्या गच्चीवर हजर.

"अली? माज्या मावऱ्यात?" म्हातारी उसळली. "तुजे रिपोटनं माजी गच्ची चालली, नि तू परत आलीस अली शोधायला?"

"सापडली तर द्या. नाही सापडली तर जाते."

गोजराबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कोपऱ्यातली एक पाटी पायाने पुढे सरकवली. ओल राहिलेले, वास सुटलेले बोंबील, फेकायला काढलेले. आत अळ्या वळवळत होत्या.

"ह्ये मी इकत नाय," गोजराबाई म्हणाली. "लिव तसा."

मग सोसायटी. तिथे अळ्या कुठे असतील याचा अंदाज होता तिला. बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या डक्टमध्ये. शौनक म्हणाला, "डक्टचा काय संबंध? माशा बाहेरून येतात, हे तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे." पण फवारणी कॉन्ट्रॅक्टमध्ये होती आणि डक्टची चावी वॉचमनकडे. ती पोरांबरोबर आत गेली. कबुतरं येऊ नयेत म्हणून सोसायटीने डक्टला जाळी बसवली होती. कबुतरं तरीही आली होती. जाळी आणि एसीच्या पेटाऱ्यांच्या मध्ये अडकून मेली होती, मजल्यामजल्यावर. स्वच्छतेचा रिपोर्ट मागणाऱ्या चौदा मजल्यांच्या न्हाणीघरामागे ती लोंबत होती, आणि त्यांच्यात अळ्या भरल्या होत्या. फवारणीच्या पोराला उलटी झाली. संघप्रियाने चमच्याने अळ्या बाटलीत घेतल्या.

एक बाटली बोंबलाची, एक कबुतराची. तळाशी लाकडाचा भुसा, वर कापड. अळ्या भुशात उतरल्या, तपकिरी कोष झाले. ऑफिसातली पोरं त्या टेबलावर डबा खाईनाशी झाली. गोजराबाईचे रोज फोन.

"निंगाली काय?"

"नाही अजून."

"तुजी माशी हाय का म्हैस? येवडे दिस?"

मितेश म्हणायचा, "मॅडम, हे बिलमध्ये कुठल्या हेडखाली टाकू?"

शेवटी कापडाखाली भणभण सुरू झाली. तिने दोन्ही बाटल्यांतले नर उघडले. मनातून तिला काय हवं होतं हे तिला चांगलंच कळत होतं: कबुतरातून डक्स निघावी आणि बोंबलातून दुसरी काहीतरी. मग एका वाक्यात सगळं मिटलं असतं. बोंबलातून डक्स निघाली. कबुतरातूनही डक्स निघाली.

"मंग माजी माशी येगली ना?" गोजराबाईने फोनवर विचारलं.

"नाही, मावशी. तीच."

"येवडा शिकून उपेग काय मंग?"

आयुष्यात पहिल्यांदाच, समोरच्याला काही कळत नाही म्हणून संघप्रियाला प्रश्न टाळता येत नव्हता.

नवा रिपोर्ट मितेशने पाठवायला नकार दिला. "यार, कस्टमरला त्याचंच कबूतर दाखवायचं नसतं. मार्केटमध्ये कोण उभं करेल आपल्याला?" संघप्रियाने सही करून तो स्वतः वॉर्ड ऑफिसला नेला. तिथल्या साहेबांनी चहा पीत पीत वाचला.

"हा पहिल्याच्या उलटा आहे."

"पहिल्यातलं नाव बरोबर आहे. 'त्यामुळे' चूक आहे."

"बरं. मग मला एवढंच सांगा, त्या सेक्रेटरीच्या किचनमधली माशी कुठली? बोंबलातली का कबुतरातली?"

"सांगता येत नाही."

"कुठलीच?"

"जात एकच आहे, साहेब. ती दोन्हीकडे होते. नावावरून घर कळत नाही."

साहेब हसले. "आमच्याकडे तर सगळे नावावरूनच घर ओळखतात." त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. "उगम कळला की कारवाई. तोपर्यंत दोन्ही पार्ट्या साफसफाई करा. फाइल राहू द्या."

फाइल राहिली. शौनकने कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या कंपनीला दिलं. त्या कंपनीच्या तज्ज्ञाने मोबाइलवर फोटो काढून जागेवरच नाव सांगितलं म्हणे, आणि सगळ्यांना तो फार आवडला. मितेशने संघप्रियाला 'तू आता झुरळं बघ' म्हणून बजावलं. डक्टमधली कबुतरं निघाली, जाळी बदलली. नव्या जाळीत नवी अडकली. महिनाअखेर गेली आणि गोजराबाईची गच्ची आहे तशीच राहिली, पण ती काही संघप्रियाला दुवा देत नव्हती. "लटकवून ठेवला मना," एवढंच म्हणाली. "उद्या कोन नवा सायेब आला की परत हायेच." तरी कागदात गुंडाळून वाकट्या दिल्या. संघप्रियाने त्या घरी नेल्या. सिताराम गमरेंनी स्वतः कालवण केलं.

मायक्रोस्कोपच्या बाजूला अजून एक डबी आहे. तिच्यात शौनकच्या मिक्सरवर धरलेली ती पहिली मादी टाचणीला लावून ठेवली आहे. तिला आकडा घालायला काही नाही. तीन पट्टे, पट, विटकरी डोळे. बाकी काही बोलत नाही. मितेश जाता-येता म्हणतो, "टाकून दे ना, लेडीज आहे." संघप्रिया मान वर करत नाही. दुपारी फोन थंडावले की ती डबी उघडते आणि भिंग लावून बघत बसते. अळी असताना हिने जे खाल्लं, त्याचंच तर हे अंग झालं. पंख, पाय, केस, सगळं. मग खाडीतला बोंबील खाऊन झालेलं अंग आणि डक्टमधलं कबूतर खाऊन झालेलं अंग, यांत कुठेतरी, काहीतरी वेगळं उरलं असेल की नाही?